हिरव्या चहाच्या गोळ्या

राजापूरजवळच्या नाटे गावाच्या बंदरावर बोटीचं इंजिन अडलं की नासिरला बोलावणं यायचं. समुद्र खवळलेला असला तरी तो होडीतून बोटीपर्यंत जायचा, आगीला आणि पाण्याला भ्यायचा नाही. भ्यायचा तो फक्त आपल्या पोटाला. थोरला भाऊ मुझम्मिल यकृताच्या दुखण्याने गेला होता. दारूचा थेंब कधी न शिवलेला माणूस, पण पोटात पाणी भरलं, हातापायांच्या काड्या झाल्या. शेवटी शेवटी तर तो घरच्या माणसांनाही ओळखेना. तो गेल्यावर त्याला शेवटची आंघोळ नासिरनेच घातली होती, आणि त्या दिवसापासून पोटात जरा कळ आली तरी त्याचा चेहरा उतरायचा. हे एकट्या हफीजाला, त्याच्या बायकोला, ठाऊक होतं.

२००५च्या उन्हाळ्यात राजापूरला सोनोग्राफी झाली. डॉक्टर म्हणाले, यकृतावर चरबी साचलीय, घाबरण्यासारखं काही नाही. वजन उतरवा, तळलेलं आणि गोड कमी करा. आणि उठता उठता म्हणाले, बिनसाखरेची कॉफी प्यायलात तर बरंच आहे, यकृताला चांगली असते म्हणतात.

एवढ्या बोलण्यातून नासिरने कॉफी तेवढी उचलली. सकाळ-संध्याकाळ काळीकुट्ट कॉफी, तोंड वाकडं करून. मग दुबईतल्या मामेभावाने, उमेरने, फोनवर ग्रीन टीचं नाव काढलं. येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर पुडे पाठवले. गवत उकळल्यासारखा तो चहा नासिर औषधासारखा प्यायचा. इथवर हफीजाला हसूच यायचं. शेजारणीला ती म्हणायची, "आमच्या घरात आता दूध कुणाला लागतंय?"

नंतर उमेरने गोळ्या पाठवल्या. हिरव्या झाकणाची मोठी बाटली. "ह्या एका गोळीत कितीतरी कप चहाचं सत्त्व आहे," तो फोनवर म्हणाला, "मी स्वतः घेतो." दहावीतल्या नाझियाने बाटलीवरचं इंग्रजी वाचून बापाला सांगितलं, "रोज एक घ्यायची, अब्बा." नासिर मान डोलावून हसला.

पावसाळ्याने बोटी किनाऱ्याला लागल्या तसं त्याचं जेवण तुटलं. कालवणाच्या वासाने त्याला मळमळायला लागलं. अंगाला खाज सुटली. हफीजाने विचारलं की म्हणायचा, "हवा दमट आहे." मग एका दुपारी ऊन पडलं म्हणून तो अंगणात बसून इंजिनाचा एक भाग घासत होता. हफीजा पाणी घेऊन गेली, त्याने वर पाहिलं, आणि तिच्या हातातला तांब्या तिरका झाला. डोळ्यांतलं पांढरं हळद कालवल्यासारखं दिसत होतं. असे डोळे तिने एकदाच पाहिले होते, मुझम्मिलचे.

"काय झालं?" नासिरने विचारलं.

"काय नाय." तिने तांब्या खाली ठेवला. "उद्या रत्नागिरीला जायचंय."

सासूने ऐकलं आणि कपाळ बडवून घेतलं. "मुझम्मिलला दवाखान्यात नेलात आणि घालवलात! वरच्या वाडीतला सदू कावीळ उतरवतो. त्याने कितीजणांना बरं केलान!"

हफीजा पिशवी भरायला आत गेली. तिने फळीवरची हिरव्या झाकणाची बाटली काढली, आणि ती हाताला हलकी लागली. उमेरने पाठवलेली ही दुसरी बाटली येऊन फार दिवस झाले नव्हते, तरी तळाशी जेमतेम मूठभर गोळ्या होत्या. तिने बाटली पिशवीत टाकली. का, ते तिला तेव्हा धड सांगता आलं नसतं. ह्या गोळ्यांनीच नवऱ्याला आतापर्यंत धरून ठेवलं असेल तर? आणि ह्यांनीच असं केलं असेल तर? एसटीत अख्खी वाट हे दोन प्रश्न तिच्या डोक्यात एकमेकांना ढकलत होते. शेजारी नासिर खिडकीच्या गजाला कपाळ टेकून बसला होता.

रत्नागिरीच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी त्याचं पोट दाबून पाहिलं, रक्त तपासायला पाठवलं. रिपोर्ट हातात आल्यावर त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"काही औषध चालू आहे? झाडपाला? गोळ्या?"

"नाय," नासिर म्हणाला. आणि त्याने हफीजाकडे पाहिलं. बोलू नकोस, असं ते पाहणं होतं.

लग्नापासून परक्यापुढे तिने त्याचा शब्द कधी खोटा पाडला नव्हता. पण हात आपोआप पिशवीत गेला, आणि बाटली टेबलावर आली.

"हे घेतात. रोज एक घ्यायची, ते किती घेतात मला म्हाईत नाय."

डॉक्टरीणबाईंनी बाटली फिरवून वाचली. "किती घेता?"

नासिरची मान खाली गेली. "चार. कधी पाच."

"आजपासून बंद. एकही नाही."

"पण हा चहाच आहे, मॅडम. यकृतासाठीच..."

"कपातला चहा वेगळा. ह्यात त्याचा अर्क ठासून भरलाय. बहुतेकांना काही होत नाही, पण एखाद्याच्या यकृताला असं काही बाधतं, की विचारू नका. ह्यानेच झालं असं मी छातीठोक सांगत नाही. बाकीच्या काविळींच्या तपासण्या करू. पण माझा संशय ह्याच्यावर आहे." नासिरला दाखल करून घेतल्यावर त्या हफीजाला बाजूला घेऊन म्हणाल्या, "त्यांच्याशी बोलत राहा. गुंगी आली, बोलणं असंबद्ध झालं, तर लगेच हाक मारा. मग वेळ घालवायचा नाही."

मुझम्मिलचं असंच सुरू झालं होतं. खाटेजवळ बसून ती नासिरला विचारत राहायची. नाझियाचा जन्म कुठे झाला? बंदरावर सगळ्यात जुनी बोट कुणाची? तो वैतागून उत्तर द्यायचा आणि तिला थोडा वेळ श्वास घेता यायचा. जरा डोळे मिटले की पुन्हा विचारायची.

तिसऱ्या दुपारी तिने विचारलं, "मी कोण?"

तो बोलला नाही. छताकडे बघत पडून राहिला.

"अहो! मी कोण? सांगा ना!"

काहीच नाही. ती किंचाळली. नर्स धावत आली, शेजारच्या खाटेवरची माणसं उठून बसली. तेव्हा नासिरने तिच्याकडे तोंड वळवलं. त्याच्या पिवळ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"हफीजा," तो म्हणाला. "ओळखतो गो. भीती वाटते म्हणून बोलवत नाय. मुझम्मिलने पण मला असंच पाहिलान, आणि ओळखलान नाय. रोज सकाळी उठलो की वाटायचं, आज माझी पाळी. म्हणून गोळ्या जास्त घ्यायचो."

नर्सने त्याची नाडी पाहिली आणि ती निघून गेली. हफीजा खाटेच्या कडेवर बसली. इतकी वर्षं एका ताटात जेवून हा माणूस रोज सकाळचं हे ओझं तिलाही न सांगता वाहत होता, ह्याचा तिला राग आला आणि रडूही आलं.

दुसऱ्या काविळींच्या तपासण्यांत काहीच निघालं नाही. पिवळेपणा चढायचा थांबला, पण उतरायला महिनाभर तरी लागला. घरी सोडल्यावरही तपासणीला यावं लागे, आणि दर खेपेला रिपोर्ट उघडताना डॉक्टरीणबाईंच्या चेहऱ्याकडे बघायची हफीजाची छाती होत नसे. श्रावण सरता सरता त्या पहिल्यांदा हसल्या. यकृत सावरलं होतं. चरबी होती तिथेच होती, आणि तिच्यासाठी तेच जुनं सांगणं, चाला, वजन उतरवा. साधी कॉफी घेतलीत तरी चालेल, पण डब्यातलं, बाटलीतलं काही मला विचारल्याशिवाय तोंडात घालू नका.

उमेरला फोन हफीजानेच केला. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मी पण बंद करतो, भाभी."

बोटी पुन्हा पाण्यात लोटल्या तेव्हा नासिर बंदरावर जायला निघाला. शर्ट त्याच्या अंगात लोंबत होता. दारात तो थांबला.

"अजून घाबरतेस?"

"घाबरते," हफीजा म्हणाली. "तुम्ही पण घाबरा. पण मला सांगून घाबरा."