दहावं चित्र

थोरलीने डिस्क बाहेर काढली, ओढणीला पुसली आणि पुन्हा प्लेअरच्या तोंडात सारली. प्लेअर घशात काटा अडकल्यासारखा घरघरला आणि टीव्हीवर निळी पाटी झळकली : ‘डिस्क चुकीची’.

“तिसरी,” बाबा खुर्चीतून म्हणाले. “तीन गिळल्या, पण साधा ढेकर नाही.”

“कॉम्प्युटरवर छान चालते हो, बाबा.”

“मग कॉम्प्युटरलाच दाखव. त्यालाही धाकट्याची आठवण येत असेल.”

आई हसली. थोरलीने वायर तपासायच्या निमित्ताने टीव्हीमागे डोकं घातलं आणि जरा वेळ तिथेच ठेवलं.

धाकटा जहाजावर होता. म्हणजे, आई-बाबांच्या लेखी होता. दोन महिन्यांपूर्वी कंपनीचा फोन थोरलीला आला. माल उतरवताना साखळी तुटली होती. तिकडच्याच बंदरात त्याला मातीही दिली. आईची तब्येत तोळामासा. धक्का सोसणार नाही, असं डॉक्टरांनी बजावलेलं. तेव्हापासून जहाजाला रेंज नव्हती. धाकट्याने पूर्वी गंमत म्हणून पाठवलेले नऊ व्हिडिओ तेवढे थोरलीजवळ होते, घरी कुणी न पाहिलेले. फोनवर आईला माणूस मुंगीएवढा दिसे. मोठा पडदा टीव्हीचा, आणि त्याला जोडलेला हा म्हातारा प्लेअर.

कोपऱ्यावरच्या व्हिडिओवाल्याने तिची डिस्क उजेडात धरून डॉक्टरी चेहरा केला.

“ताई, तुम्ही फाइल नुसती उचलून ठेवलीत. कॉम्प्युटर काहीही पचवतो, या म्हाताऱ्याला मऊ करून भरवावं लागतं. डीव्हीडी-व्हिडिओ म्हणून बनवा. डिस्कवर उतरवायचा वेग सगळ्यात कमी ठेवा. आणि शेवटी ‘फायनलाइझ’ करून डिस्क कायमची बंद केल्याशिवाय जागचं उठू नका.”

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने सांगितलं तसं तिने केलं. तीनच व्हिडिओ घालायचे होते. ऑफिसच्या घाईत तिने अख्खं फोल्डर जोडलं. चौथी डिस्क प्लेअरने निमूट गिळली आणि पडद्यावर धाकटा दात काढून उभा राहिला. आईने दोन्ही हात तोंडावर नेले. थोरली जिना उतरली.

दुपारी ऑफिसात, डिस्कवर नेमके किती व्हिडिओ गेले ते पाहायला तिने फोनवर तेच फोल्डर उघडलं. नऊ हवे होते. दहा होते. दहावा धाकट्याच्या सोबत्यांनी पाठवलेला, त्याची पेटी खड्ड्यात सोडतानाचा. साहेबांना काय सांगून निघाली ते तिलाच आठवलं नाही.

घरी टीव्ही बंद होता. आई आत भांडी लावत होती. बाबांच्या मांडीवर डिस्क होती, पालथी. तिच्यावर काठापासून मधल्या भोकापर्यंत ओरखडे होते. शेजारी घराची किल्ली पडली होती.

“तीन बघितले,” बाबा म्हणाले. “तिसऱ्यात बटाटे सोलतोय. सालीबरोबर निम्मा बटाटा टाकतो गाढव.”

“आणि मग?”

“मग चित्रांची पाटी आली. बारीक बारीक चौकोन. तुझी आई औषध घ्यायला आत गेली होती. मी आपलं शेवटच्या चौकोनावर बटण दाबलं.” त्यांनी चष्मा काढला, काच पुसली, पुन्हा घातला. “सगळे टोप्या काढून उभे होते. शिस्तीची माणसं.”

“बाबा...”

“आवाज लगेच बंद केला मी.”

आतून आईची हाक आली. “आलीस का गं? अगं, इतकं छान चाललं होतं! यांनी काय दाबलं कोण जाणे, अडकलंच.”

“मी काही नाही दाबलं!” बाबा ओरडले. “हिची डिस्कच रद्दड! नवी आणायला सांगतोय.”

मग ते पुढे वाकले. थोरलीने त्यांचा हात धरला. त्यांचा आवाज दुकानात सामान सांगावं तसा होता.

“सहा उरलेत. महिन्याला एकच आण,” ते म्हणाले. “आणि मधूनमधून एखादी न चालणारी.”