दाराला अडकवलेलं हिरवं पान

आमच्या हॉटेलच्या मॅनेजरला पृथ्वीचा भारी कळवळा. त्याने खोल्याखोल्यांत पुठ्ठ्याची हिरवी पानं वाटली. पाहुण्याने पान दाराला अडकवलं की त्या दिवशी खोली साफ करायची नाही. पाणी वाचतं, साबण वाचतो. आम्हा सफाईवाल्या बायकांची त्या खोलीची मजुरीही वाचते, पण ते पानावर छापलेलं नाही. पाहुणे आठवडाभर पान लटकवून पुण्य कमावतात आणि जाताना मागे उकिरडा ठेवतात. तो उपसायला आम्हाला वेळ मात्र एका दिवसाच्या सफाईचाच.

शेवटी माझ्या थोरल्या जाऊबाईंनी, त्याही इथेच कामाला, एक पान गुपचूप मॅनेजरच्या, आमच्याच मजल्यावर असलेल्या केबिनच्या दाराला अडकवलं. मग आम्ही तिकडे ढुंकूनही पाहिलं नाही. दोन-चार दिवसांत आतल्या खरकट्या कपांना वास सुटला.

"केबिन का झाडली नाही?" साहेब खेकसला.

"दाराला पान होतं ना, साहेब," जाऊबाई म्हणाल्या. "आम्हाला वाटलं, तुम्ही पृथ्वी वाचवताय."

त्याने पान खसकन ओढलं आणि सरळ समोरच्या खोलीच्या दाराला अडकवलं. त्या खोलीतला पाहुणा सकाळपासून बाहेर फिरायला गेलेला होता.