काचेपुढचे थांबे

"काका, खरं सांगा, त्या निळ्या झग्यातल्या बाईवर तुमचं प्रेम बसलंय का हो?"

पैजच लागली होती, त्यामुळे फटाकडीला विचारणं भाग होतं. समोरच्या फुटपाथवर दोघी मैत्रिणी तोंडात रुमाल कोंबून बसल्या होत्या. गेले पंधरा दिवस शाळा सुटली की तिघींना एकच देखावा दिसायचा: फटाकडीचे काका, खांद्याला पिशवी, हातात पाण्याच्या मीटरचे आकडे टिपायची जाड वही, बायकांच्या कपड्यांच्या दुकानापुढे उभे. काचेआडच्या पुतळीकडे टक लावून. चांगली चार मिनिटं. दोघींपैकी लांब वेणीवालीने घड्याळ लावून मोजली होती.

"तुझे काका बिनलग्नाचे ना?" ती म्हणाली होती. "मग विचार की. हिंमत असेल तर."

गेल्या वर्षीपर्यंत फटाकडीचा आवाज एवढा बारीक होता, की वर्गात बसलेली असूनही बाईंनी दोनदा गैरहजेरी मांडली होती. यंदा काय झालं कोण जाणे, जिभेचं कुलूप निघालं आणि ते परत लागेचना. 'फटाकडी' हे नाव काकांनीच ठेवलं, आणि ते तिला अंगच्या कपड्यासारखं चपखल बसलं. अशा मुलीला हिंमत असेल तर म्हणणं म्हणजे माकडाला झाड दाखवणंच.

काका आधी दचकले, मग असे हसले की चष्मा काढून डोळे पुसावे लागले.

"अगं, नीट बघ तरी तिच्याकडे. तिला मुंडकं आहे का? लग्न करून मी बोलू कुणाशी?"

पुतळीला खरंच मानेच्या वर काही नव्हतं. फटाकडीने मैत्रिणींना हातानेच 'नाही' अशी खूण केली. दोघी उगाचच हिरमुसल्या आणि आपापल्या घरी गेल्या.

काका आणि ती घराकडे निघाली. घड्याळांच्या दुकानापाशी काका थांबले. थोडं पुढे चष्म्यांच्या दुकानापाशी थांबले. मग पाळीव माशांच्या दुकानापाशी.

"काका, तुम्हाला घड्याळ घ्यायचंय?"

"छे."

"मासे पाळायचेत?"

"आपल्या घरात माणसांना आंघोळीला पाणी पुरत नाही."

"मग थांबता कशाला?"

काकांनी एका लाल माशाकडे बघत पोटरी दाबली. "कुणाला सांगणार नसशील तर सांगतो. दोनशे पावलं चाललो की ही पोटरी कुणीतरी पिळून काढल्यासारखी होते. तीन-चार मिनिटं उभं राहिलं की सुटते. पण माणूस रस्त्यात नुसता उभा राहिला की लोक विचारतात, काय हो, बरं नाही का? काचेपुढे उभा राहिला की कुणी काही विचारत नाही." मग जरा थांबून म्हणाले, "तुझ्यासारखी आगाऊ सोडून."

त्यांनी सगळ्या फेरीचा हिशेब बसवला होता. घड्याळं, चष्मे, मासे, निळा झगा. जिथे दुकान नव्हतं तिथे ते बुटाची नाडी बांधत. एका गल्लीत तर एका घराची जाहिरात त्यांनी इतक्यांदा वाचली होती, की किती खोल्या आणि कुठल्या बाजूला गच्ची, सगळं तोंडपाठ होतं.

"डॉक्टरांकडे गेला नाहीत?"

"गेलो की. पायाकडे रक्त नेणाऱ्या नळ्या आतून अरुंद झाल्यात म्हणाल्या डॉक्टरीणबाई. मला काय ते सांगायला नको. जुन्या नळाला आतून क्षार धरतो, दाब पडतो आणि गल्लीतल्या शेवटच्या घराला पाणी पोचत नाही. माझं शेवटचं घर म्हणजे ही पोटरी. गोळ्या दिल्यात, पण दीड महिना झाला, काही गुण नाही."

"घेता कधी?"

"दुखलं की. जेवणानंतर. एखाद-दुसरी."

दुसऱ्या दिवशी गोळ्यांची पट्टी दप्तरात घालून फटाकडी कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानात गेली. तिथल्या मावशींनी पट्टी उलटीसुलटी केली आणि चष्मा कपाळावर चढवला.

"दुखल्यावर घेतात? म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणायची. ही दुखणं थांबवायची गोळी नाही, बाळ. ही नळ्या जरा रुंद करते, रक्ताच्या गुठळ्या होऊ देत नाही. सकाळ-संध्याकाळ, न चुकता, खाण्याच्या अर्धा तास आधी. गुण यायला महिना लागतो, कधी तीनसुद्धा."

"तीन महिने?"

"झाड लावलं की दुसऱ्या दिवशी फळ मागतेस का? आणि सुरुवातीला डोकं दुखेल, छातीत धडधडेल. ज्यांचं हृदय थकलंय त्यांना तर ही गोळी देतच नाहीत. म्हणून आधी डॉक्टरांकडे ने त्यांना. त्यांनी तपासल्याशिवाय मी एक अक्षर पुढे बोलायची नाही."

फटाकडीने काकांपुढे सरळ सौदा मांडला. ती घरात तोंड उघडणार नाही, काकांनी डॉक्टरांकडे यायचं. काका कुरकुरत आले. डॉक्टरीणबाईंनी हृदयाची तपासणी केली, पावलावर दोन बोटं ठेवून ठोके शोधले, घोट्याला पट्टा बांधून दाब मोजला. मग म्हणाल्या, "गोळी ठरल्या वेळेलाच. सिगारेट आजपासून बंद. आणि रोज चालायचं. दुखेपर्यंत चालायचं, थांबायचं, पुन्हा चालायचं. तीन महिन्यांनी बघू किती फरक पडतो."

काका पुढे सरकून बसले. "म्हणजे मी बसून राहायचं नाही?"

"बसलात तर मी रागावेन."

काकांचं तोंड असं उजळलं की विचारू नका. दवाखान्याबाहेर येताच त्यांनी खिशातलं सिगारेटचं पाकीट पुतणीच्या हातावर ठेवलं आणि दुसरीकडे बघू लागले. ते कचऱ्याच्या डब्यात पडल्याचा आवाज आल्यावरच मान वळवली.

घरी काय सांगायचं? फटाकडीने ठोकून दिलं की तिने शाळेच्या धावण्याच्या शर्यतीत नाव दिलंय, रोज सकाळी सहाला सराव करायचाय, आणि सोबत म्हणून काका येतील. आईला कोण आनंद. तिने लेकीला रोज दोन अंडी सुरू केली.

दुसऱ्या आठवड्यात काकांचं डोकं ठणकायला लागलं. ते गोळ्या गटारात टाकायला निघाले होते. फटाकडी आडवी उभी राहिली. "आधी डॉक्टरांना फोन." बाईंनी आठवडाभर मात्रा निम्मी केली, मग पुन्हा पूर्ण. डोकं शांत झालं. रोज सकाळी ती मोठ्याने पावलं मोजायची. दोनशे. दोनशे दहा. एके दिवशी एकशे ऐंशीच. मग दोनशे साठ. मग तीनशेवर चार. सगळी गल्ली झोपलेली आणि ही पोरगी आकडे ओरडतेय. वरच्या खिडकीतून कुणीतरी म्हणालं, "एकदाची हजारावर ये आणि गप्प बस."

एका संध्याकाळी बोलता बोलता माशांचं दुकान मागे पडलं. दोघांच्याही लक्षात आलं नाही. कोपऱ्यावर पोचल्यावर काका थबकले, वळले आणि परत निघाले.

"काका, दुखतंय?"

"नाही. आज नुसते मासे बघायचेत."

त्या रविवारी सकाळी नाश्त्याच्या ताटाशेजारी बाबांनी एक कागद ठेवला.

"दादा, बदलीचा अर्ज आहे, इथे सही कर. तुझ्या साहेबांशी बोललोय मी. तक्रारींच्या खिडकीत खुर्ची रिकामी आहे. निवृत्तीला दोनच वर्षं राहिलीत, डोक्यावर पंखा घेऊन काढ. त्या पाण्याच्या टाकीच्या चढावर परवा तुला बघितलं मी. चारदा बुटाची नाडी बांधत होतास."

"शेजारच्या ताईपण म्हणत होत्या, भावजी जागोजागी थांबतात," आई हळूच म्हणाली.

काकांनी पेन हातात घेतलं. फटाकडी सगळं सांगायलाच निघाली होती, पण वचन दिलेलं. तिला माहीत होतं, त्या खुर्चीत बसले तर काकांचं काय काय जाणार. चढावरच्या आजी मीटर दाखवायच्या निमित्ताने अर्धा तास बोलत, आणि महिन्यातून तेवढंच बोलत. एका घरातलं कुत्रं सगळ्यांवर भुंके, काकांना मात्र मीटरपर्यंत पोचवायला येई. चारशे घरांचे नळ त्यांना आवाजावरून ओळखू येत. आता तो सगळा मुलूख एका खिडकीएवढा होणार होता.

काकांनी पेन खाली ठेवलं. खिशातून गोळ्यांची पट्टी काढून ताटाशेजारी ठेवली आणि सगळं सांगितलं. पोटरी, नळ्या, डॉक्टर, पावलं, सगळं.

बाबांनी पट्टी उचलून उलटीसुलटी केली. "मला नाही सांगितलंस. या पोरीला सांगितलंस."

"तिने मला विचारलं," काका म्हणाले. "तू साहेबांना विचारलंस."

आईने बाबांच्या कपात चहा ओतला, तो तसाच राहिला.

"तू लहान होतास तेव्हा याच पायांनी तुला खांद्यावर बसवून शाळेत नेलंय मी," काकांचा आवाज मऊ झाला. "तुझ्यापुढे लंगडायला जीव होत नव्हता रे. डॉक्टरीणबाई तीन महिने म्हणाल्यात, अर्धे झालेत. बाकीचे झाले की खुर्ची का रस्ता, ते मीच सांगेन." त्यांनी कागदाची नीट घडी घातली आणि भावाच्या हातात दिली. "फाडू नकोस. कदाचित लागेलही."

बाबांनी घडी वरच्या खिशात ठेवली. "गोळी घेतलीस का आजची?"

"अर्ध्या तासापूर्वी."

"मग खा आता."

काका खायला लागले. फटाकडी मात्र खुर्ची मागे सारून उभी राहिली, कारण असल्या गोष्टी बसून सांगता येत नाहीत.

"आई, बाबा, एक सांगायचंय. मी शर्यतीत नाव दिलेलंच नाही."

"आणि ती अंडी?" आईने विचारलं.

"ती मी खरंच खाल्ली. आता ऐका. माझं ठरलंय. परीक्षा असो नाहीतर पाऊस, पुढचा दीड महिना रोज सकाळी सहाला मी काकांबरोबर चालायला जाणार. लपून नाही, सांगून. आणि तीन महिने भरतील त्या दिवशी त्यांच्याबरोबर अख्खी फेरी करणार, टाकीच्या चढावरच्या शेवटच्या घरापर्यंत. तुम्ही दोघांनीही यायचंय. आणि बाबा, ते तुमचे चावणारे बूट नकोत, चालता येतील असे घाला."