सात सवाष्णी आणि चार बोंबील

बाळारामला त्या शेगडीची शिसारी आली ती तिच्यात पहिलं लाकूड पडायच्याही आधी.

शेगडी तशी वाईट नव्हती. काळी, ओतीव लोखंडाची, बुटक्या पायांची, पुढे काचेचं दार. बाळारामने तीस वर्षं नारपोलीच्या एका सायझिंगमध्ये, म्हणजे मागावर चढवायच्या सुताला खळ लावायच्या कारखान्यात, लाकडाचा बॉयलर पेटवला होता. चांगलं लोखंड त्याला टिचकीवर कळायचं. त्याला किळस आली ती शेगडीच्या सासरची. मागच्या भिंतीला दगडासारखा दिसणारा कागद चिकटवला होता. शेजारी पितळेच्या चौकटीत प्लास्टिकचे ओंडके रचले होते आणि त्यांच्यावर प्लास्टिकचं शेवाळ उगवलं होतं. आणि हे सगळं वळ गावात, जिथे डिसेंबरात दुपारी वीज गेली तर माणसं बनियन काढून ओट्यावर येतात.

त्याचा मुलगा भाविक आणि सून करिष्मा मनालीला जाऊन आले होते. तिथल्या हॉटेलात अशी शेगडी होती. करिष्माने तिच्यासमोर उभं राहून, बसून आणि लवंडून फोटो काढले, आणि परत आल्यावर दोघांना आपल्या हॉलमध्ये काहीतरी कमी आहे असं वाटायला लागलं. हॉलमध्ये आधीच दोन झुंबरं आणि एक विजेवर चालणारा धबधबा होता. पण भाताच्या खाचरांवर गोदामं उभी राहिल्यापासून या घरात कमी असलेली वस्तू फार दिवस कमी राहत नसे.

"शेगडी आणलीस ते बरं केलंस," बाळाराम म्हणाला. "आता थंडी कुठून आणणार?"

"एसी आहे ना, बाबा. अठरावर लावला की होते थंडी."

बाळारामने मुलाच्या तोंडाकडे नीट बघून घेतलं. पोरगा गंमत करत नव्हता.

शेगडी कुठे बसवायची हे वास्तुवाल्याने फोनवरून सांगितलं. अग्नी आग्नेयेला. आग्नेय कोपऱ्यावर, वरच्या मजल्यावर, नेमकं देवघर होतं. धुराचा पाइप सरळ वर न्यायचा तर तो देवीच्या पायाखालून निघून डोक्यावरून जाणार, आणि हे करिष्माला चालण्यासारखं नव्हतं. तेव्हा ठाण्याहून आलेल्या भूपेश नावाच्या इंटिरियरवाल्याने तोडगा काढला. पाइप फॉल्स सीलिंगपर्यंत उभा, मग आडवा, सीलिंगच्या पोटातून चौदा फूट झोपत झोपत, दोन वळणं घेऊन मागच्या भिंतीतून बाहेर. पुढून काढला असता तर बंगल्याचं एलेव्हेशन, म्हणजे दर्शनी रूप, बिघडलं असतं. मागे काय, मागे आक्काची खिडकी.

आक्का म्हणजे बाळारामची मोठी बहीण. ऐंशीची, विधवा, दम्याची. देवाजवळ राहायचं म्हणून देवघराला लागूनची खोली तिने मागून घेतली होती आणि आता ती खोली सोडायला ती तयार नव्हती. पाइपचं तोंड तिच्या खिडकीच्या बरोबर खाली, दीड हातावर उघडलं होतं.

"धूर आडवा चालत नाय," बाळाराम भूपेशला म्हणाला. "त्याला वर ओढ लागते. आडवा पाडलास की तो बसतो, थंड होतो आणि मागे फिरतो. जॉइंटला काय लावलंस?"

"अंकल, अ‍ॅल्युमिनियम टेप. एकदम एअरटाइट."

"टेप," बाळाराम म्हणाला. तोंडात माशी गेल्यासारखा तो शब्द त्याने बाहेर काढला.

"युरोपियन टेक्नॉलॉजी आहे, अंकल. धूर आपला रस्ता शोधतो."

"तेच तर म्हणतोय. शोधतो."

भाविकने वडिलांना बाजूला घेतलं. "बाबा, ही सायझिंगची भट्टी नाहीये. आणि प्लीज, गुरुवारी बायका येतील त्यांच्यासमोर ते सायझिंगचं काढू नका. मी सगळ्यांना सांगितलंय, तुम्ही टेक्स्टाइल लाइनमध्ये होता."

बाळारामला थुंकायचं होतं. पण या घरातलं बेसिन काचेचं, सूप प्यायच्या वाडग्यासारखं होतं, आणि त्यात थुंकायची हिंमत त्याला अजून झाली नव्हती.

त्याला सावळाराम आठवत होता. सायझिंगमधला जोडीदार. एका पौषात सावळाराम निखाऱ्यांचं घमेलं घेऊन सुताच्या खोलीत दार लावून आडवा झाला. सकाळच्या शिफ्टच्या दोघांनी दार उघडून पाहिलं. धूर नाही, वास नाही, सावळारामचे गाल लाल, तोंडावर समाधान. "बघ कसा गाढ झोपलाय," असं म्हणून त्यांनी दार परत ओढून घेतलं आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत त्याला उठवलं नाही. त्या दोघांतला एक बाळाराम होता.

तेव्हापासून त्याला माहीत होतं की धूर हा सभ्य माणूस आहे. खोकला आणतो, डोळे चोळायला लावतो, आपण आल्याचं सांगतो. त्याच्यासोबत जो दुसरा वायू येतो तो काहीच सांगत नाही.

बुधवारी तो आक्काच्या खोलीत गेला आणि दार लावून घेतलं.

"आक्का, बोंबील दे."

आक्का दचकली. तिच्या खाटेखाली, जुन्या लुगड्यात गुंडाळलेल्या डब्यात, सुके बोंबील होते हे जगात कुणाला माहीत नाही असा तिचा समज होता. "मार्गशीर्ष हाय रं, मुडद्या! उद्या घरात घट बसायचा हाय. मी सुदिक खात न्हाय. नुसती हायेत म्हणून ठेवलीत."

"खायला नको. जाळायला पायजेत."

आक्काने त्याच्याकडे असं पाहिलं की जणू त्याने बोंबलांऐवजी तिलाच जाळायला मागितलं होतं. "चांगलं बोंबील जालतंस? डोकं ठिकाणावर हाय ना, बाळ्या?"

"तुझ्या जिवासाठी मागतोय."

"माझा जीव ऐंशी वर्षं वापरलेला हाय. बोंबील नवीन हायेत."

बाळाराम खाटेवर तिच्याशेजारी बसला आणि त्याने तिला सावळारामची गोष्ट सांगितली. चाळीस वर्षांत पहिल्यांदा, दार कुणी ओढून घेतलं होतं त्यासकट. आक्का ऐकत राहिली. मग वाकून तिने डबा ओढला, त्यातले चार बोंबील काढले, एक परत आत ठेवला, भावाकडे बघितलं आणि पुन्हा बाहेर काढला.

मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार. करिष्माचं उद्यापन होतं. सात सवाष्णी हळदीकुंकवाला आल्या होत्या आणि शेगडीचा मुहूर्तही त्याच संध्याकाळचा होता. एसी अठरावर. खिडक्या बंद, कारण थंडी बाहेर जाते. सवाष्णी भरजरी पदर कानांवरून घेऊन कुडकुडत बसल्या होत्या. आक्काला बाळारामने आधीच खाली आणून अंगणातल्या झोपाळ्यावर बसवलं होतं आणि तिच्या खोलीची खिडकी सताड उघडून ठेवली होती.

भूपेशने शेगडीत लाकूड भरलं. गोदामात माल रचायच्या पॅलेटच्या फळ्या, निळा रंग दिलेल्या, खिळ्यांसकट. रंगाचं लाकूड बाळारामने सायझिंगच्या बॉयलरलाही कधी खाऊ घातलं नव्हतं. फळ्यांनी पेट घेतला, निळी-हिरवी ज्वाळा काचेमागे नाचायला लागली, बायकांनी टाळ्या वाजवल्या. दोघी-तिघींनी मोबाइल काढले.

"किती गोड!" एकजण म्हणाली.

"जरा लाकूड सारतो," बाळाराम म्हणाला. सदऱ्याच्या खिशातून वर्तमानपत्राची पुडी काढून त्याने ती दारातून आत सोडली आणि दार घट्ट लावलं. कुणाचं लक्ष नव्हतं. मग तो सोफ्याच्या कडेला, पाहुण्यासारखा, हात मांडीवर ठेवून बसला.

हॉलमध्ये काहीच झालं नाही. अत्तर, गजरे आणि एसी यांच्यापलीकडे कसलाही वास नव्हता. भूपेश हसून भाविकला म्हणाला, "बघा सर. झीरो स्मोक."

करिष्मा तेव्हा दोन सवाष्णींना घटाचं दर्शन घडवायला वर घेऊन गेली होती. त्यांतल्या जानकीबाई शेजारच्या आळीतल्या, आवाजाने मोठ्या. जिन्यावरून पहिला आवाज त्यांचाच आला.

"कोन गं बोंबील भाजतंय?"

त्या आवाजात राग नव्हता. महिनाभर वरणभात खाल्लेल्या बाईची ती आर्त हाक होती. खालच्या पाचही सवाष्णींनी एकदम माना वर केल्या आणि एकीने नकळत आवंढा गिळला.

मग करिष्मा किंचाळली.

सगळे वर धावले. देवघरात घट मांडलेला होता, नारळाला चांदीचा मुखवटा, शालू, वेणी. त्यामागे भूपेशने बसवलेली दिव्यांची रंगीत झालर होती, आणि तिच्या वायरीसाठी जमिनीला पाडलेल्या भोकातून, देवीच्या बरोबर मागून, धुराची बारीक रेघ वर येत होती. वास असा की देवीनेही नाकाला पदर लावला असता. जळका बोंबील, त्यात वितळलेला निळा रंग, त्यात उदबत्ती, त्यात मोगरा. करिष्मा तोंडावर हात धरून काचेच्या बेसिनकडे पळाली. अखेर त्याचं उद्घाटन झालं.

"बाबा!" भाविकचा चेहरा लालभडक झाला होता. "हे तुम्ही केलंत? आज? देवीसमोर? लाज वाटते का?"

"खाली हॉलात वास आला?" बाळारामने विचारलं.

"काय?"

"शेगडी हॉलात. बोंबील शेगडीत. हॉलात वास आला का?"

भाविकने जिन्याकडे वळून हुंगून पाहिलं.

"ये इकडे." बाळाराम त्याला हाताला धरून आक्काच्या खोलीत घेऊन गेला. खिडकी उघडी होती तरी तिथला वास देवघरापेक्षा दुप्पट होता. "कपाट ओढ."

कपाटामागे, आक्काच्या उशीपासून हातभर अंतरावर, एसीच्या नळीसाठी जमिनीतून खालच्या सीलिंगपर्यंत पाडलेलं मुठीएवढं भोक उघडंच राहिलं होतं. सीलिंगच्या पोटातला टेप उष्णतेने सुटला होता आणि त्या भोकातून धूर शांतपणे, घरचाच असल्यासारखा, आत येत होता.

"जिथवर बोंबील पोचला तिथवर सगळं पोचतं," बाळाराम म्हणाला. "धुरासोबत जो गॅस असतो त्याला वास नाय. माणूस झोपेत जातो आणि घरच्यांना वाटतं, झोप चांगली लागलीय. मी तोंडाने सांगितलं, तुम्हाला ऐकू आलं नाय. म्हणून त्याला वास लावला." मग दारात जमलेल्या बायकांकडे वळून तो म्हणाला, "मी टेक्स्टाइल लाइनमध्ये नव्हतो. सायझिंगला फायरमन होतो, बॉयलर पेटवणारा. तीस वर्षं."

"ते आमाला काय म्हाईत न्हाय?" जानकीबाई म्हणाल्या. "आमच्या ह्यांना तुमीच तर लावलंत कामाला. अंगाला धुराचा वास यायचा दोघांच्या. पन भाऊजी, बोंबील बाकी चांगलं होतं हं. वाया घालवलंत."

भूपेश पुढे सरसावला. "सर, छोटा इश्यू आहे. सिलिकॉन मारून देतो."

भाविकने त्याच्याकडे पाहिलं नाही. तो आक्काच्या उशीकडे बघत होता. उशीवर तिचा दम्याचा पंप होता, जपमाळ होती, आणि अभ्रा निळसर काजळीने नुकताच मळायला लागला होता. भाविकने बोटाने ती काजळी पुसली, बोट पाहिलं आणि पँटला पुसायचं सोडून ते तसंच धरून उभा राहिला.

"बंद करा," तो म्हणाला. "बाबा, ती कशी बंद करायची?"

बाळारामने खाली जाऊन एसी बंद केला, सगळी दारं-खिडक्या उघडली, राखेच्या फावड्याने निखारे पत्र्याच्या घमेल्यात ओढले आणि घमेलं अंगणात नेऊन त्यावर वाळू टाकली. सात सवाष्णींनी ओटी अंगणातच घेतली.

पुढचा महिनाभर घरात बाळारामचं राज्य होतं. पाइपला वाट द्यायला देव पूर्वेच्या खोलीत हलले. मोकळ्या हवेत त्यांनाही बरं वाटलं असावं. दगडाचा कागद निघाला आणि मागे खरी वीट आली, शेगडी भिंतीपासून दोन हात पुढे सरकली, तिच्याखाली कडाप्पा बसला. दुहेरी पत्र्याचा, मध्ये खनिज लोकर भरलेला पाइप सरळ वर गेला, स्लॅब आणि पाइप यांच्यात न जळणारं भरण घातलं, आणि गच्चीच्या कठड्याहून वर, टोपी घालून तो उभा राहिला. एलेव्हेशन बिघडलं. बाहेरची हवा शेगडीत यायला वेगळी नळी आली. आक्काच्या खोलीत आणि हॉलमध्ये त्या बिनवासाच्या वायूवर ओरडणारी घंटी लागली. आक्का रोज तिला हळदकुंकू लावते.

मग वाळलेलं बाभळीचं लाकूड घालून शेगडी पेटवली. धूर सुतासारखा सरळ वर गेला. कुठेही कसलाही वास आला नाही. दहा मिनिटांत हॉल असा तापला की करिष्मा, भाविक आणि घरातले दोन नोकर घाम पुसत अंगणात आले, आणि ती पुन्हा पेटवायचं नाव कुणी काढलं नाही. सीलिंगच्या पोटात मुरलेला जुना वास मात्र एसी लावला की अजून येतो. करिष्मा त्यावर लव्हेंडर फवारते. लव्हेंडर घातलेला बोंबील ही या घरातली सगळ्यात किळसवाणी वस्तू आहे असं बाळारामचं मत आहे, आणि या घरात स्पर्धा मोठी आहे.

फेब्रुवारीत एका रविवारी भाविक झोपाळ्याशी येऊन उभा राहिला.

"बाबा, माझ्या मित्राने, विशालने, पडघ्याच्या फार्महाउसवर तशीच शेगडी बसवलीय. आपल्या हॉलचे पहिले फोटो बघून. पाइप आडवाच काढलाय." त्याने झोपाळ्याची साखळी धरली. "त्याची पोरं वरच्या खोलीत झोपतात. येता का बघायला?"

"काय म्हणून येऊ? टेक्स्टाइल लाइन?"

"मी त्याला सांगितलंय, माझे वडील फायरमन आहेत."

बाळाराम चपला शोधायला लागला. पलीकडून आक्काने मान वळवली. "बाळ्या, बोंबील बाजारातनं घे. माझ्या डब्याला हात लावलास तर बघ."

पडघ्याच्या बाजारात भाविकने गाडी थांबवली. बाळाराम उतरायला लागला तसा तो म्हणाला, "बसा तुम्ही," आणि स्वतः सुक्या मासळीच्या टोपल्यांपुढे जाऊन उकिडवा बसला. बाईने दिलेले पहिले दोन जुडगे त्याने हुंगून परत केले.

"यांना वास नाही," तो म्हणाला. "चांगला घाण वास येणारे दाखव."