पाण्याची ओळ

या, जवळ सरकून बसा. देवानं ज्यांच्या हातात फवारणीचा पंप दिला आणि छातीत आईचं काळीज, अशा एका मावशींची गोष्ट सांगतो.

काचघरात बाई रोपांपुढे उभ्या होत्या. बाई म्हणजे तिथल्या संशोधक. टोमॅटोच्या सगळ्या ओळी हिरव्यागार, आणि बाईंचा चेहरा उतरलेला.

"झकास की! तोंड गोड करा आता," माळी म्हणाला.

"कसलं झकास? पाण्याची ओळ जगलीच कशी?"

बाई ज्या नव्या औषधाची परीक्षा घेत होत्या, ते रोगाला मारत नसे. रोग यायच्या आधी रोपालाच जागं करी, लढायला लावी. ते खरंच घडतं का, हे कळावं म्हणून एका ओळीवर नुसतं पाणी फवारायचं आणि मग सगळ्यांवर सारखाच रोग सोडायचा. ती ओळ करपायला हवी होती.

मावशींनी पंप खाली ठेवला. "बाई, तिलाही मीच औषध मारलं."

"मावशी! का हो?"

"लेकरं वाढवली मी. एकाला वाढून दुसऱ्याचं ताट कधी कोरडं ठेवलं नाही. पुढं रोग सोडणार, हे ठाऊक असून नुसतं पाणी... हात धजेना."

"अहो, झाडं ती! बारसं केलंत की काय त्यांचं?" माळी हसला.

बाई हसल्या नाहीत. "आता मी काय सांगू लोकांना? औषधानं वाचली, की रोगच कच्चा होता? बाहेर शेतंच्या शेतं करपताहेत. त्यांचा हा हंगाम गेला, मावशी."

मावशींनी त्या हिरव्या ओळीकडे पाहिलं. एका ओळीवर माया केली आणि किती शिवारं उघडी टाकली!

रोग अंगावर घेतलेली रोपं बाहेर नेता येत नसत. ती मावशींनीच उपटली, भट्टीत घातली. ओली, टवटवीत, लवकर पेट घेईनात.

"पुढच्या खेपेला दुसऱ्या कुणाला सांगू का?" बाईंनी हलकेच विचारलं.

"नको. मीच मारीन. पाणीच मारीन."

आणि मारलं. पानांवर डाग चढले, शेंडे माना टाकू लागले. शेजारच्या ओळी मात्र तरारल्या. त्या बघायला सगळे तिकडे जमले. मावशी इकडेच बसून राहिल्या. रोपांना हात लावला नाही, तोंडही फिरवलं नाही. शेवटचं पान गळेपर्यंत ओठांत नाम चालू होतं.

बाबांनो, उद्या देवापुढे हात जोडाल, तेव्हा त्या मावशींना आठवा. आणि जमलंच, तर त्या ओळीलाही.