वाटाड्या जिवंत आहे म्हणणाऱ्यांनो

मी एक जुनी दारावरची बेल आहे, आणि सध्या मी भयंकर रागावलेली आहे. आपली जीवनकथा सांगणाऱ्या वस्तूंनी गोड आणि थोडं उदास बोलायचं असतं, हे मला ठाऊक आहे. जमेल तेवढं मी तसं बोलेन, मित्रांनो. जिथे जमणार नाही तिथे कर्कश वाजेन. माझा धंदाच तो आहे.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. लांब टेबलापाशी बसलेल्या बायका तांब्याची बारीक तार गुंडाळत, आणि टोकाला बसलेली एक जाडजूड बाई प्रत्येक बेल वाजवून पाहत असे. ज्यांचा आवाज बसका, त्यांची रवानगी खोक्यात. मला वाजवल्यावर ती इतकी दचकली की तिचा चहा सांडला. "ही जाऊ दे बाजारात," ती म्हणाली, "कुणाच्या तरी कानांचं काही खरं नाही." ही माझ्या आयुष्यातली पहिली स्तुती.

एका वायरमनने मला तिसऱ्या मजल्यावरच्या घरात बसवलं. माझं बटण बाहेर, जिन्याच्या बाजूला, आणि वाटी अन् हातोडी आत, दाराच्या वर. त्यामुळे बाहेर लोक काय कुजबुजतात तेही मला कळतं आणि आत काय चाललंय तेही दिसतं. सगळं कळून फक्त टर्रर्र करता येणं यासारखा जाच नाही.

त्या घरात आमच्या बाई राहत. सोबत त्यांचा धाकटा भाऊ आणि भावजय. भावाची उंची दाराच्या चौकटीला लागेल एवढी, तरी घरात त्याचं नाव बारक्या. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. माझा आवाज बसला की स्टुलाचीही गरज न लागता हात वर करून, घासकागदाने माझी काजळी साफ करायचा आणि म्हणायचा, "हिच्या आवाजाने बुडालेलं जहाजसुद्धा वर येईल." ही दुसरी स्तुती. तिसरी अजून व्हायची आहे.

बाई जेवणाच्या टेबलावर बसून कादंबऱ्या लिहीत. साध्यासुध्या नव्हेत. 'मिठाचा मुकुट' नावाची जाडजूड मालिका, पाच भागांची. त्यात मिठाच्या डोंगरांचं राज्य, गादीवरून हाकललेली कोवळी राणी आणि तिला बर्फाच्या खिंडीतून पलीकडे नेणारा एक वाटाड्या. प्रत्येक प्रकरण आधी बारक्याला वाचून दाखवलं जाई. तो पाय लांब करून ऐके आणि शेवटी एकच प्रश्न विचारी.

"ते सगळं झकास आहे गं ताई, पण वाटाड्या जेवला कधी?"

बाई चिडत, पण दुसऱ्या दिवशी वाटाड्याला जेवायला बसवत. वाटाड्याचं आळशी हसणं बारक्याचं होतं, चालताना मान वाकवण्याची खोडही त्याचीच. हे घरातल्या तिघांना माहीत होतं आणि मला.

पुस्तकं गाजली आणि माझ्यामागे शुक्लकाष्ठ लागलं.

वाचक येऊ लागले. सुरुवातीला मी खुशीने वाजले. कुणी पुस्तकावर सही घेऊन जाई, कुणी दारातच रडे. पण मग आले तर्कवाले. यांना गोष्ट वाचायची नव्हती, तिचं कुलूप फोडायचं होतं. एक दातांची डॉक्टरीण यायची. वाटाड्या दर तीन प्रकरणांनी जेवतो, यात त्या राज्याचं गुप्त पंचांग दडलेलं आहे, असं तिने हिशेब मांडून सिद्ध केलं होतं. बिचारा बारक्या आत बसून तोंडात रुमाल कोंबून हसत होता. दुसऱ्या एकाच्या मते राणी ही राणीच नव्हती, तिची जुळी बहीण होती, कारण दुसऱ्या भागात ती डाव्या हाताने पाणी पिते. एका शहाण्याने तर मलाही सोडलं नाही. तिसऱ्या भागातल्या गडावर एक मुकी घंटा आहे, तिचा संबंध लेखिकेच्या दारावरच्या बेलशी आहे म्हणे. त्याने माझ्या बटणाचे फोटो काढले. शेंडा ना बुडखा! माझा गडाशी काडीचा संबंध नाही.

तोवर ठीक होतं. चिडचिड व्हायची, पण घर हसतं होतं.

मग बारक्या आजारी पडला. हॉस्पिटलचे खेटे सुरू झाले, आणि एका दुपारी बाई एकट्याच घरी परतल्या. घरात कुणी नव्हतं. किल्ली त्यांच्या हातात होती. तरी त्यांनी बटण दाबलं, पुन्हा दाबलं, आणि दार उघडण्याची वाट पाहत उभ्या राहिल्या. मी जीव तोडून वाजले. मित्रांनो, रिकाम्या घरात वाजण्याची पाळी माझ्यावर पुष्कळदा आली आहे, पण त्या दिवसासारखी नाही.

नंतर दोघींच्या तुटक बोलण्यातून मला समजलं. अतिदक्षता विभागाचं दार बंद झालं तेव्हा बाई बाहेरच्या बाकावर होत्या. दार पुन्हा उघडलं तेव्हा आत जायला त्यांचे पाय उचलले नाहीत. भावजय आत गेली. त्या घरी आल्या. त्याला शेवटचं त्यांनी पाहिलंच नाही, आणि आत काय पाहिलंस, हे भावजयीला कधी विचारलं नाही.

त्याच महिन्यात चौथा भाग संपला. शेवटच्या पानावर शत्रू भुयारात शिरतात, वाटाड्या राणीला पुढे ढकलतो आणि स्वतः मागे राहून दगडी दार लावून घेतो. बस्स. "दार बंद झाले. राणीने पलीकडून आवाज येण्याची वाट पाहिली. मग ती चालू लागली." त्यापुढे बाईंना लिहिता आलं नाही.

पण तर्कवाल्यांना कोण सांगणार? त्यांचा एक नियम आहे, मित्रांनो. प्रेत दाखवलं नाही म्हणजे माणूस जिवंत! कुणी काढला हा नियम? त्याच्या हातात माझी उघडी तार द्यायची माझी तयारी आहे.

आता रोज बटण दाबलं जाऊ लागलं. वाटाड्या जिवंत आहे ना? भुयाराला दुसरं तोंड आहे ना? त्याच्या पिशवीत दोर होता, तो पुढे कुठेच वापरलेला नाही, म्हणजे तो पाचव्या भागात लागणार ना? प्रकाशकही आले. सोफ्यावर ऐसपैस बसून म्हणाले, "बाई, लोकांना तो हवाय. एक दार तर उघडायचंय. तुमच्या हातात आहे." तुमच्या हातात आहे! मी तेव्हा आपोआप वाजू शकले असते तर त्यांच्या डोक्यावर वाजले असते.

आणि मग मला जे दिसलं त्याने माझा राग भीतीत बदलला. बाई त्यांचं ऐकू लागल्या.

भावजय बारक्याचे बूट कुणाला तरी द्यायला निघाली, तर बाई म्हणाल्या, "राहू दे गं. इतक्यात नको." त्यांनी ते पुसून दाराशी ठेवले. फोन वाजला की त्या भावजयीच्या आधी धावत. संध्याकाळी त्या तर्कवाल्यांचे व्हिडिओ लावून बसत, आणि कुणी "तो मेलेला नाही, माझ्याकडे पुरावे आहेत" असं म्हणालं की मान डोलावत. टेबलावर पाचव्या भागाचं पहिलं प्रकरण होतं. त्या कच्चं लिखाण मोठ्याने वाचतात, म्हणून मला ते कळलं. दगडी दारावर पलीकडून कुणीतरी टकटक करतं, आणि राणी मागे फिरते.

भावजय स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकत होती. मग तिने स्टूल आणलं, वर चढली आणि माझ्या वाटीत अन् हातोडीत कापसाचा बोळा कोंबला. मला राग आला नाही. उलट बरं वाटलं.

पण बोळ्याने काय होणार? एका सकाळी सेनापती आला. हे त्याचं इंटरनेटवरचं नाव. एरवी तो फरश्यांच्या दुकानात नमुने दाखवतो. हातात काठीला लावलेला फोन, मागे चार-पाच जण. बटण दाबलं, मी घर्र केलं, तर पठ्ठ्याने दार ठोठावलं. भावजयीने उघडलं. तिच्यामागे टेबलापाशी बाई उठून उभ्या राहिल्या.

"ताई, आपण लाइव्ह आहोत," सेनापती म्हणाला. "फक्त हो किंवा नाही सांगा. वाटाड्या मेलेला नाही. बरोबर? प्रेत कुणी पाहिलंय?"

बाईंचे ओठ हलले. त्या 'हो' म्हणणार होत्या. मी वरून पाहत होते, मला दिसत होतं.

"मी पाहिलंय," भावजय म्हणाली.

"काय?"

"प्रेत. मी पाहिलंय. चादर पुरत नव्हती त्याला. मी माझी शाल पायांवर घातली. आणखी काही विचारायचंय?"

सेनापतीचा हात खाली आला. दार त्याच्या तोंडावर बंद झालं, आणि मला वाटलं, आता तरी याला काही कळलं असेल. छे! जिन्याच्या दोन पायऱ्या उतरला नाही तोच त्याने फोन वर केला. "मित्रांनो, ऐकलंत? घरच्यांनी पाहिलंय म्हणाली! म्हणजे पाचवा भाग लिहून झालाय, आणि त्यात शाल आहे! शाल कुणाची, यावर आता तुमचे तर्क येऊ द्या!"

माझ्या तारेतून आग गेली. आणि 'मित्रांनो' हा माझा शब्द आहे.

आत मात्र बाई खाली बसल्या होत्या.

"पाय उघडे होते?" त्यांनी विचारलं.

"हो."

"गार होते?"

"हो, ताई."

"चेहरा कसा होता?"

भावजय त्यांच्या शेजारी बसली. "दाढी वाढली होती. मान जराशी वाकडी. झोपल्यासारखा नव्हता, लोक म्हणतात तसा. गेलेलाच दिसत होता."

बाई मोठ्याने रडल्या. बारक्या गेल्यापासून पहिल्यांदा. भावजय त्यांना थोपटत राहिली आणि तीही रडली. बाहेर कुणी तरी पुन्हा बटण दाबत होतं. मी घर्रघर्र करत होते आणि दोघींपैकी कुणीही उठलं नाही.

टकटक करणारं प्रकरण बाईंनी फाडलं. नवं लिहिलं. त्यात बर्फ वितळल्यावर राणी माघारी येते, माणसं लावून दगडी दार उघडवते, आणि तिला वाटाड्या सापडतो. कुठलंही दुसरं तोंड नाही, दोराचा उपयोग नाही. ती त्याच्या पायांवर आपली शाल घालते. हे वाचून दाखवताना बाईंचा आवाज फाटला, पण त्या शेवटपर्यंत वाचत गेल्या.

पुस्तक निघालं. तर्कवाले खवळले. लेखिकेने आमच्यावर सूड उगवला म्हणाले. सेनापती म्हणाला, तो वाटाड्या नव्हेच, त्याचे कपडे घातलेला दुसराच कुणी आहे. आता दार कुणी वाजवत नाही. मी बोळा कोंबलेली, धुळीने भरलेली, वर बसून आहे. माझी काजळी कुणी साफ करत नाही, आणि त्याबद्दल माझी तक्रारही नाही.

मित्रांनो, पुस्तकांवर खुशाल भांडा. पिशवीतले दोर मोजा, राणीच्या जुळ्या बहिणी शोधा, त्यात मजा आहे हे मलाही कळतं. पण ज्याने ते लिहिलं त्याच्या दारात उभं राहून, हा माणूस मेलेला नाही असं छातीठोकपणे सांगू नका. तुमचा तो तर्क असतो. तुम्ही तो सांगता आणि जिना उतरून घरी जाता. आत बसलेल्या बाईला मात्र आपला भाऊ पुन्हा एकदा, स्वतःच्या हाताने मारावा लागतो.