सावलीच्या स्नेहलताबेन

"मशीन बिघडलंय तुमचं!" रेल्वेतून निवृत्त झालेल्या सुभानरावांनी रिपोर्ट टेबलावर आपटला. "आमच्या सात पिढ्यांत कुणाला साखर नाही."

निरुपमाताईंनी नेहमीप्रमाणे आधी पाण्याचा पेला पुढे केला. "बसा. पाणी प्या. मग भांडा माझ्याशी."

घडियाळी पोळ नावाच्या गल्लीतल्या गुणवंतभाई डॉक्टरांच्या दवाखान्यात त्या बावीस वर्षं रक्त-लघवी तपासत होत्या. वाईट बातमी सांगायचं कामही हळूहळू त्यांच्याच गळ्यात पडलं होतं. ऐकून कुणी हसायचं, कुणी देवाला बोल लावायचं. एक बाई तर घरी जाऊन पाव किलो पेढे फस्त करून आली होती. "गोड तेवढं सोडायचं, बाकी काही होत नाही हो," असं ताई सगळ्यांना सांगत.

सुभानराव पाणी पिऊन निमूट निघून गेले. ताईंना मात्र बसवेना. बाटल्या पुसल्या, पुसलेल्या पुन्हा पुसल्या. दारापर्यंत गेल्या, परत आल्या. बाहेर नव्या केबल टीव्हीच्या तारा ओढणाऱ्यांचा आरडाओरडा चालला होता. तोही आज सोसवेना.

सोमवारी त्यांनी स्वतःची लघवी निळ्या औषधात घालून स्पिरिटच्या दिव्यावर धरली होती. निळ्याचं हिरवं झालं, हिरव्याचं पिवळं, आणि बघता बघता विटेसारखं लाल, म्हणजे भरपूर साखर. नळीच खराब असेल म्हणून दुसरी घेतली. मग तिसरी. काल रबरी पट्टा दातांत धरून स्वतःच स्वतःचं रक्त काढलं. बावीस वर्षांत हुकली नव्हती ती शीर हुकली. बाटलीवर नाव घातलं, स्नेहलता, मुक्काम सावली. इतक्या लांबच्या बाईला कोण बोलवायला जातंय?

बाबांना साखर निघाली, तेव्हाही सगळे म्हणाले होते, बाकी काही होत नाही. सहा वर्षांनी त्यांचा पाय घोट्यातून कापला.

सही करायचे रिपोर्ट घेऊन डॉक्टर बाहेर आले. "निरुबेन, ते सावलीवाळां बेन अजून आले नाही?"

"नाही. घाबरल्या असतील."

"घाबरे ज ने! दोनशे ऐंशी छे." डॉक्टरांची नजर ताईंच्या कोपराशी पडलेल्या जांभळ्या डागावर थांबली. ताईंनी पदर ओढून घेतला. ते हलक्या आवाजात म्हणाले, "पण सांगावं तर लागेल. अने ते काम तो तमारूं छे."

"नाही जमायचं मला, डॉक्टर. काय सांगू त्या बाईला? काही होत नाही म्हणून?"

डॉक्टरांनी माठातून पेला भरून पेशंटच्या बाकावर ठेवला.

ताई बराच वेळ उभ्याच राहिल्या. मग बाकावर टेकल्या. पाणी घोट घोट संपवलं. स्नेहलताबेनचा रिपोर्ट मांडीवर घेतला, वरचं नाव खोडलं आणि शेजारी लिहिलं, निरुपमा, मुक्काम वाडी.

उठून त्यांनी पेला स्वच्छ विसळला आणि उद्याच्या पेशंटसाठी माठावर पालथा घातला.